भूक खरी की खोटी

मी आहारतज्ज्ञ होते असं सांगितलं की समोरचं माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतं आणि मग त्याची नजर नकळत खाली उतरते. उतरू दे. मला सवय आहे. आमच्या गिरगावच्या घरात सगळेच ऐसपैस. वडील, काका, आत्या यांचे जुने फोटो बघितले की फोटोग्राफर मागे सरकत सरकत भिंतीला टेकला असणार याची खात्री पटते. घरात मासळीची आणि गोडाची कधी ददात नव्हती, हेही खरंच. माझा नवरा मात्र काटकुळा. माझ्या ताटात जे, तेच त्याच्या ताटात, वर एक पोळी जास्त आणि जेवणानंतर लाडू. तरी त्याची पँट पट्ट्याशिवाय जागेवर राहत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजूनही त्याचा राग येतो.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांच्या विभागात मी नोकरी केली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका बाईने मला तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला स्वतःला जमलं नाही, ते माझ्या पोराला कसं जमणार?" मी म्हटलं, "म्हणूनच तर मला ठाऊक आहे, कुठे कुठे पाय घसरतो." हे उत्तर त्या क्षणी सुचलं आणि पुढे निवृत्तीपर्यंत पुरलं.

आता निवृत्त होऊन दादरला घरी बसले आहे. बसले आहे म्हणायचं, पण बसवत नाही. सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारते तेव्हा बाकीचे लोक झाडं बघतात, मी पोरांच्या माना बघते. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसला की माझे पाय आपोआप रेंगाळतात. आया त्याला मळ समजतात. बेसन लावतात, लिंबू चोळतात, पोर रडेपर्यंत घासतात. तो मळ नसतो. शरीरातलं इन्सुलिन वाढलेलं असतं, त्याची ती खूण असते. एकदा न राहवून एका अनोळखी बाईला थांबवून मी हे सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पोराचा हात धरून चालू लागली. नवरा म्हणतो, "आता तुला कोणी पगार देत नाही, गप्प बस." ते मला जमत नाही.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे 'भात बंद, साखर बंद' असं लिहून देणं. ते कोणीही लिहील. आमचं खरं काम विचारण्याचं. काल दिवसभरात काय खाल्लं, असं विचारलं की आई सांगते ते फक्त ताटातलं. चहाबरोबरची बिस्किटं हे खाणं नव्हे. देवळातला प्रसाद तर नव्हेच नव्हे. शेजारच्या काकूंनी वाटीभर दिलेला शिरा हे प्रेम असतं, ते खाण्यात कसं धरायचं? हे सगळं हळूहळू, आवाज न चढवता काढून घ्यावं लागतं. माझा आवाज मुळातच चढलेला असल्यामुळे मला जरा जास्त कष्ट पडायचे.

दुसरं विचारणं घराण्याचं. मुलाच्या अंगाला काय लागेल हे बरंच आई-बापाकडून आलेलं असतं. एकाच घरातली दोन भावंडं एकाच कढईतलं खातात, एक भरतं आणि एक तसंच राहतं, ते उगाच नाही. पण "घरात कोणी जाड आहे का?" असं विचारून बघा. आपल्याकडे जाड कोणीच नसतं. कोणी अंगाने बरी असते, कोणी हाडापेराने मोठा असतो, कोणाला थायरॉईड असतो. म्हणून मी एक युक्ती काढली होती. पुढच्या वेळी येताना लग्नातला फोटो आणा, असं सांगायचे. सगळं गणगोत एका रांगेत उभं असलेला. आजकाल तर तो मोबाइलमध्येच असतो. मग आईला म्हणायचे, तुमच्या बाजूची माणसं बोटाने दाखवा. बाबांच्या बाजूची कोणी दाखवायची, तर सासूबाई आल्या असतील तर त्यांनी. बोट खोटं बोलत नाही, आणि फोटोतलं पोट लपत नाही.

या युक्तीचा एक किस्सा सांगते. माटुंग्याचं एक कुटुंब होतं, आई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वडील चार्टर्ड अकाउंटंट. मुलगा अद्वैत, गोड आणि गुबगुबीत, चालताना धापा टाकणारा. आईने खुर्चीत बसता बसताच निकाल दिला. "मॅडम, हे जेनेटिक आहे. आम्ही खूप वाचलंय. याचे आजोबा बघा, पणजोबा बघा." फोटो खरंच बोलका होता. पणजोबा खुर्ची भरून बसले होते.

"हे पणजोबा शाळेत कसे जायचे?" मी विचारलं.

"चालत. पण तेव्हाचं वेगळं होतं ना."

"आणि अद्वैत?"

अद्वैत गाडीने शाळेत, गाडीने क्लासला, तिथून दुसऱ्या क्लासला, आणि मधल्या वेळात गाडीतच डबा. व्यायाम म्हणून शिवाजी पार्कला क्रिकेटच्या नेटमध्ये घातलेला. मी एक दिवस फेऱ्या मारता मारता मुद्दाम बघितलं. पोरगा आपली पाळी येईपर्यंत पॅड बांधून रांगेत उभा. पाळी आली, चार चेंडू खेळला, पुन्हा रांगेत. घरी जाताना दमला म्हणून वडापाव आणि गोड बाटली. पणजोबांकडून शरीर आलं होतं, पण पणजोबांचा रस्ता कोणी दिला नव्हता. मी आईला हे सांगितल्यावर ती चिडली, मग पुढच्या वेळी आलीच नाही, मग एक दिवस आली. अद्वैतला आजोबांबरोबर पायी मंडईत पाठवायला लागली. त्याचं वजन काही धडाधडा उतरलं नाही. वाढायचं थांबलं आणि उंची वाढत गेली. वाढत्या पोराच्या बाबतीत आम्ही यालाच यश म्हणतो. घरचे मात्र काटा खाली का येत नाही म्हणून माझ्यावर नाराजच होते.

अद्वैतची आई माझ्या डोक्यात पक्की बसली ती वेगळ्या कारणाने. तिच्या मागोमाग, त्याच काळात, घोडपदेवहून एक कुटुंब आलं. आणि मला जन्मभराचा एक राग मिळाला. ज्यांना रोजचं वागणं बदलता येत होतं ते घराण्याकडे बोट दाखवत होते, आणि जिथे सगळा मामला खरोखर रक्ताचा होता, तिथे चार वर्षांच्या पोरीला चोर ठरवलं होतं.

तिचं नाव स्वरा. आई वैशाली, वडील संतोष, ते शाळेची व्हॅन चालवायचे. बरोबर आजी, शेवंताबाई, म्हणजे संतोषची आई. मूळचे जुन्नरकडचे. शेवंताबाई घोडपदेवला चाळीत आल्या त्या लग्न होऊन, आणि आयुष्य मुंबईत गेलं तरी बोलणं गावचंच राहिलं होतं. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. पोरगी आत आली ती सरळ माझ्या टेबलाशी आणि तिने विचारलं, "तुझ्या पिशवीत डबा आहे?"

"आहे."

"मला भूक लागलीय."

"खोटं बोलती," शेवंताबाई म्हणाल्या. "आत्ता निघताना दोन चपात्या हाणल्यात. अवो मॅडम, कपाटाला कुलूप लावलं, डब्यांना दोऱ्या बांधल्या. तरी ही कच्ची कणीक खाती. देवाफुडचा निवद खाल्ला हिनं. गॅलरीत कुणी वाळवण घालाया धजत न्हाय."

"चाळीतली पोरं तिला फ्रिज म्हणतात," संतोष म्हणाला. मग मान खाली घालून, "मॅडम, मारलं पण मी तिला. एकदा नाही. काय करू, ऐकतच नाही."

वैशाली काहीच बोलत नव्हती. तिच्याविषयी सासू बोलत होती. "आईचं ध्यान नसतं. मोबाइलात डोकं. आन् आलंय बी हिच्या आईकडनं. आमच्यात न्हाय असलं कुणी." वैशाली सासूला आत्या म्हणायची. त्यात मला काही विशेष वाटलं नाही, कितीतरी घरांत सुना असंच म्हणतात.

मी स्वराचं वजन केलं, उंची घेतली, बाळपणापासूनचं विचारलं. अंगावर पीत होती तेव्हापासून ही अशीच, असं वैशाली पहिल्यांदाच बोलली. "दूध पिऊन झालं की रडायची. बाकीची बाळं पिऊन झोपतात ना मॅडम, ही प्यायली की रडायची." वर्षाची व्हायच्या आत तिचं अंग भरलं होतं. इथे माझे कान टवकारले. खाऊन खाऊन जाड झालेली मुलं साधारणपणे शाळेच्या वयात जाड होतात. पाळण्यातलं बाळ मोबाइल बघत लोळत नाही आणि गाडीत बसून वडापावही खात नाही.

"तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाही नाही," तिघंही एका आवाजात म्हणाले. मी पुढच्या वेळी फोटो आणायला सांगितलं आणि निरोप दिला. निघताना स्वराने माझ्या पिशवीकडे जे बघितलं ते मला सहन झालं नाही. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत ही मोठीच घटना आहे.

पुढच्या खेपेला वैशालीने मोबाइलवर तिच्या लग्नाचा फोटो काढून दिला. गावचा मांडव, फेटे बांधलेली रांग, पुढे खुर्च्यांवर म्हातारी माणसं.

"तुझ्याकडची माणसं दाखव."

तिने एका उंच, फेटेवाल्या माणसावर बोट ठेवलं. "हे माझे पप्पा."

मी फोन शेवंताबाईंकडे केला. "आता तुमच्या माहेरचं कोणी असेल तर दाखवा."

शेवंताबाईंनी चष्मा सारखा केला आणि त्याच फेटेवाल्या माणसावर बोट ठेवलं. "ह्यो काय. माझा भाऊ."

मला वाटलं, बोट चुकून पडलं. "हे तर वैशालीचे वडील ना?"

"मंग? भावाचीच पोर केली मी. तो लहान होता तवाच ठरलं होतं आमचं, पोर झाली तर माझ्या घरी द्यायची."

मी जवळजवळ ओरडलेच. "मग नात्यात नाही असं का सांगितलंत?"

संतोषला माझा प्रश्न खरंच कळला नाही. "नात्यात कुठे मॅडम? आमचं आडनाव जाधव, त्यांचं वेगळं. मामाची मुलगी आहे ती माझी."

कोणी खोटं बोललं नव्हतं. त्यांच्या लेखी नात्यातलं लग्न म्हणजे भावकीतलं, एका आडनावातलं, आणि ते पाप. मामाची मुलगी करणं ही तर उलट रीत. घर घराला धरून राहतं, सून परकी नसते, पोरीला सासुरवास होत नाही. अशी हजारो लग्नं होतात आणि त्यांची बहुतेक मुलं धडधाकट असतात, हेही मी इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या कोणीतरी माझ्या नावावर भलतंच खपवेल. पण एखाद्या घराण्यात एखादी बारीकशी खोट लपून चालत आलेली असली, तर ती एका बाजूने आली तर काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंनी आली की उघडी पडते. आणि नवऱ्याचं आजोळ तेच बायकोचं माहेर असलं, तर तसं होण्याची शक्यता वाढते.

आमच्याकडे जनुकांचा अभ्यास केलेले एक डॉक्टर होते, शांत माणूस. मी त्यांना केबिनमधून अक्षरशः ओढून आणलं. त्यांनी सगळं ऐकून शेवंताबाईंना हळूच विचारलं, "आजी, तुमच्या भावंडांत लहानपणी असं कोणी होतं का? खूप भूक लागणारं?"

"न्हाय," शेवंताबाई म्हणाल्या. प्रश्न संपायच्या आत म्हणाल्या. त्यांचा हात किल्ल्यांवर गेला होता.

रक्ताची तपासणी झाली. त्याचा निकाल यायला बरेच दिवस लागतात, आणि ते दिवस मी कसे काढले ते मला माहीत. घरात इकडून तिकडे फेऱ्या. नवरा म्हणाला, "पोरगी त्यांची आहे, तुझी नाही." मी त्याच्या वाटीतला लाडू उचलून खाल्ला.

निकाल तोच आला, ज्याची डॉक्टरांना शंका होती. त्यांनी शास्त्र सांगितलं. मी संतोषला माझ्या भाषेत सांगितलं. "तुमच्या चाळीवरची पाण्याची टाकी बघितलीस? टाकी भरली की आतला बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं. तुझ्या मुलीचा तो बॉल जन्मापासून अडकलेला आहे. पोट भरलंय हे तिच्या मेंदूला कळतच नाही. तिला भूक लागते ती खरी. तू आणि मी दोन दिवस उपाशी राहिलो तर जशी लागेल तशी, आणि रोज लागते. जेवून उठल्यावरसुद्धा."

संतोषने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि मी तिला मारलं."

"चूक कोणाचीच नाही," डॉक्टर म्हणाले.

वैशाली इतके दिवस एकदाही रडली नव्हती. आता रडली. "म्हणजे मी नव्हते ना?" एवढंच तीनतीनदा विचारत राहिली. "आत्या, मी नव्हते ना?" शेवंताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही बोलल्याही नाहीत. मला त्या बाईचा अतिशय राग आला. पोरीचा दोष तुमच्याच माहेरचा निघाला, आता तरी चार शब्द बोला, असं अगदी ओठावर आलं होतं.

दोन-चार दिवसांनी शेवंताबाई एकट्याच आल्या. ओपीडी संपत आली होती. माझ्यासमोर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी त्या डाक्टरला खोटं सांगितलं."

त्यांची एक बहीण होती, बायडी. शेवंताबाईंच्या पाठची आणि भावाच्या आधीची. ती अशीच होती. अंगाने भोपळा आणि सारखं खायला मागायची. खळ्यावर मळणी चालू असताना कच्चे दाणे मुठीने तोंडात भरायची. गुरांपुढचं आंबोण खाल्लं तेव्हा गावात बोभाटा झाला. पोरीला काहीतरी लागलंय म्हणून देवऋषी झाला, धुरी झाली. मग मळणीच्या दिवसांत बाप तिला गोठ्यातल्या मेढीला बांधून ठेवायला लागला. लक्ष ठेवायचं काम शेवंताबाईंचं. त्या मोठ्या ना.

"मी बी पोरच होते हो. ती रडायची, शेवंते भाकर दे, शेवंते भाकर दे. मी म्हणायची, आत्ता तर जेवलीस, गप बस. तापानं गेली ती. जाताना बी भाकर मागत होती. आई म्हणली, नाटकं करती." त्या थांबल्या. "कुणाला सांगितलं न्हाय आमी. भावाच्या पोरीला कुणी केली नसती, मला कुणी केली नसती. म्हणून तर मी वैशूला घरातच आणली. मला वाटलं, घरातलं घरात ऱ्हाईल."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "आमच्या बायडीला खरंच भूक लागायची का हो?"

बाहेर झाडूवाली बादली आपटत होती. मी इतकी वर्षं पोरांच्या आयांना, बापांना, आज्यांना उत्तरं दिली, वेळ पडेल तशी गोड केली, वेळ पडेल तशी तिखट. हे उत्तर गोड करण्याची काही सोयच नव्हती. मी म्हटलं, "हो. खरंच लागायची."

त्यांनी मान हलवली. मग कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "मंग हे काढून टाकू? उघडं ठेवू कपाट?"

आणि मला सांगावं लागलं की नाही. कुलूप ठेवाच. बॉल अडकलाय तर नळ आपल्यालाच बंद करावा लागणार. तिच्या हाती घर सोडून दिलं तर ती थांबणार नाही, तिला थांबताच येत नाही, आणि एवढं वजन तिचं काळीज आणि गुडघे पेलणार नाहीत. औषध निघालंय म्हणतात, पण ते अजून आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. डॉक्टर त्याच्या मागे होते, आजही आहेत.

"म्हंजे कुलूप हाय तसंच. पोर उपाशी ती उपाशीच." शेवंताबाईंनी जुडगा उचलला. "मंग बदललं काय वो, मॅडम?"

मी लगेच यादी सुरू केली. जेवणाच्या वेळा ठरवा आणि घड्याळ तिला दिसेल असं लावा. तिच्यासमोर कोणी मधेअधे खायचं नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, तेच ताट, तेवढंच. भाजी, काकडी, पातळ ताक जास्त, म्हणजे निदान चावायला भरपूर असेल. तिला चालवा, जिन्याने चढवा-उतरवा. बालवाडीच्या बाईंना जाऊन सांगा. आणि तिला खोटारडी म्हणायचं बंद. शेवंताबाई ऐकून उठल्या आणि गेल्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. नंतर निवृत्त झाले, निरोपाला श्रीफळ मिळालं, भाषणं झाली, आणि त्या भाषणांच्या मधेही माझ्या डोक्यात हेच चालू होतं. मी त्या घराला एका आजाराचं नाव दिलं, वैशालीच्या डोक्यावरचा आळ काढला, आणि एका म्हातारीला तिच्या मेलेल्या बहिणीची भूक परत आणून दिली. पोरीला काय दिलं? एक घड्याळ. अद्वैतच्या घरी मी जिंकले होते आणि त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. इथे जिंकले की हरले तेच समजेना.

यंदा सर्वपित्री अमावास्येला वैशालीचा फोन आला. "मॅडम, आत्यांनी जेवायला बोलावलंय. याच म्हणाल्या." मी गेले. घोडपदेवच्या त्या चाळीचा जिना माझ्यासारख्या बाईला विचारून बांधलेला नाही. वर पोचेपर्यंत माझा स्वतःचा बँड वाजला होता. स्वरा दारातच उभी होती. सात वर्षांची झाली आहे. जाडच आहे, पण वजन पूर्वीसारखं धावत सुटलेलं नाही, आणि गॅलरीत समोरच्या मावशींचे पापड उन्हात वाळत होते. तेवढं मी आत शिरतानाच बघून घेतलं.

घरात खिरीचा आणि वड्यांचा वास भरला होता. भिंतीवर मोठं घड्याळ, त्याच्या एका आकड्यावर लाल टिकली चिकटवलेली. नेहमीची पानं वाढून झाल्यावर शेवंताबाईंनी आणखी एक पान मांडलं. वडे, खीर, भजी, आमटी, भात, आणि वर एक भाकरी. दुसरी भाकरी. तिसरी.

"आई, हे कोणाचं?" संतोषने विचारलं.

"बायडीचं."

"माहेरचं पान इथे?"

"इथंच. ती आलीच हाय की आपल्या घरी." त्या स्वराकडे बघत म्हणाल्या. संतोषने पान उचललं आणि गच्चीत नेऊन ठेवलं.

पान दारातून जाईपर्यंत स्वराचे डोळे त्याच्यावर होते. मग ती आजीजवळ आली. "आजी, मला भूक लागलीय."

वैशालीचा हात भांड्यावर थांबला. मी घड्याळाकडे बघितलं. काटा टिकलीपासून बराच दूर होता. माझ्या मनात आलं, आता त्या म्हणणार, आत्ता तर नाश्ता केलास, गप बस.

शेवंताबाई खाली बसल्या, गुडघ्यावर हात टेकत, आणि पोरीला त्यांनी जवळ ओढलं. "लागली असंल गं माझे बाय," त्या म्हणाल्या. "लई लागली असंल." किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, त्यांना त्यांनी हात लावला नाही. "काटा हितं येऊ दे. तंवर मी बसते तुझ्यापाशी."

स्वराने घड्याळाकडे बघितलं आणि आजीच्या मांडीवर डोकं टेकलं. वैशालीने झाकणं घातली आणि ती येऊन बसली. संतोष गच्चीतून आला, बसला. जिना चढून माझ्याही पोटात कावळे ओरडत होते, वड्यांच्या वासाने जीव नुसता कासावीस झाला होता. मी पदर खोचून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, आणि काटा टिकलीवर येईपर्यंत त्या घरात कोणीच जेवलं नाही.